ठोकळा लावणारी

आमच्या गाडीला दोन माणसं लागत. एक चालवायला आणि एक थांबवायला. चालवायचं काम ह्यांचं, थांबवायचं माझं.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या अशिलाला ती नकोशी झाली आणि त्यानं ती अमरावतीच्या ह्या भोळ्या वकिलाच्या गळ्यात मारली, असं माझं मत होतं आणि आजही आहे. ब्रेक सळयांचे. पायडल दाबलं की गाडीच्या पोटाखालून गेलेल्या लांबलचक सळया ओढल्या जायच्या आणि त्या चाकांना आवळायच्या. नवी असताना आवळत असतील. आमच्याकडे आली तोवर सळया इतक्या झिजल्या होत्या, की ब्रेक लावणं म्हणजे गाडीला थांबण्याची विनंती करणं. सपाटीवर ती थोडी पुढे जाऊन ऐकायची. वऱ्हाड आपलं सपाटच, तेव्हा निभत असे. पण चढावर उभी करायची वेळ आली की गाडी मागे सरकायला लागे. हँडब्रेकही त्याच सळयांचा, म्हणजे नावापुरता.

म्हणून ह्यांनी सुताराकडून बाभळीचा एक ठोकळा करून घेतला. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं उतरता, वर धरायला दोरी. तो माझ्या पायाशी ठेवलेला असे. चढावर गाडी थांबायच्या बेतात आली, की हे माझ्याकडे न पाहता "हं" म्हणत. मी दार उघडून उतरायची, पदर खोचून पळत जाऊन मागच्या चाकाखाली ठोकळा सारायची. मग गाडी उभी राहायची.

अमरावती-अकोला रस्त्यावर ही वेळ हमखास यायची ती मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकाशी. तेव्हा रस्ता रुळांवर चढून पलीकडे उतरायचा. फाटक बंद असलं की त्या चढावर सरकी-कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगेत आमची गाडी अडकायची. हंगामात तर पुढेही बंड्या, मागेही बंड्या. ठोकळा लागला नाही तर मागच्या बैलांच्या नाकाडावरच. फाटक उघडलं की हे गाडी पुढे काढायचे, मी चाकामागचा ठोकळा उचलायची आणि तो हातात घेऊन रूळ ओलांडून चालत पलीकडे जायची. वकिलाची बायको, कानात कुड्या, हातात चिखलानं माखलेला ठोकळा. बंडीवाले टकामका बघायचे. पलीकडे सपाटीवर हे गाडी घेऊन थांबलेले असत आणि माझ्या बाजूचं दार आधीच उघडून ठेवलेलं असे. मी चढायची, दार ओढायची, गाडी निघायची. एक शब्द नाही. तुला लागलं का नाही, दमलीस का नाही, काही नाही.

हे बोलतच नसत. कोर्टात म्हणे तास-तास बोलायचे. तिथेच सगळं संपत असावं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे घरात दुसराही आवाज नव्हता. अंगणातल्या पेरूवर पोपट यायचे तेवढाच काय तो गलका. मी स्वभावानं बडबडी, माहेरच्या भरल्या घरातून आलेली. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी दोघांच्या वाटचं बोलले. मग कंटाळले. जेवताना भांड्यांचा आवाज ऐकायचा आणि उठायचं. एका घरात राहून माणूस किती एकटं असू शकतं, हे मला कोणी शिकवायची गरज उरली नाही.

लग्नानंतर लगेचची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ह्यांनी एकदा, फक्त एकदाच, मला विचारलं होतं, "अकोल्याला येतेस? चल." तेव्हा गाडी नव्हती, रेल्वेनं जायचं होतं. माझे कुरडयांचे गहू भिजत पडले होते. मी म्हटलं, "आता? चीक काढायचा राहिलाय, मी कुठली येते!" हे "बरं" म्हणाले आणि गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

गाडी आल्यावर मात्र मी नेमानं अकोल्याला जाऊ लागले. तिथे ह्यांची कामं असत. पण विचारायची पद्धत बदलली. आदल्या दिवशी संध्याकाळी कोट खुंटीला अडकवता अडकवता हे म्हणत, "उद्या अकोला आहे. ठोकळा लावायला कोणी हवं." मी कुरकुर करायची. घरात कामं पडलीत, माझे गुडघे दुखतात, एखादा गडी का नाही ठेवत? हे हातपाय धुवायला निघून जात. शेवटी मी जायचीच, कारण न जाऊन सांगते कोणाला! गाडी मागे गेली असती.

अकोल्याला माझी थोरली बहीण होती, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. हे मला तिच्याकडे सोडून कोर्टात जायचे आणि दिवेलागणीच्या आत घ्यायला यायचे. बहिणीची जीभ तिखट. मला बघितलं की म्हणायची, "आली का ठोकळा लावणारी! तुझ्या नवऱ्याला बायको करायची नव्हती गं, क्लीनर ठेवायचा होता." मी हसायची, पण ते मनाला लागायचं. कारण मलाही तसंच वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात माझी गरज कुठे असेल, तर ती मागच्या चाकाखाली.

एका उन्हाळ्यात ह्यांचा हात दुखावला, तेव्हा ह्यांनी मला गाडी शिकवली. लायसनही काढून दिलं. का, ते सांगितलं नाही. अमरावतीला कॅम्पाकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी चालवायची, हे शेजारी बसायचे. एकदा चढावर गाडी थांबवायची वेळ आली तेव्हा मीच "हं" म्हटलं, अगदी ह्यांच्याच सुरात. हे उतरले. चांगल्या हातानं ठोकळा नेऊन लावला, परत आले, रुमालानं बोटं पुसत बसले. "जड आहे गं," म्हणाले. बस्स. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

पुढे दोन-चार वर्षांनी हे गेले. सकाळी दाढी करायला बसले ते तिथेच. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, बहिणीनं चार दिवस राहून घेतलं. मग घर रिकामं झालं. मला वाटलं होतं, शांततेची मला सवय आहे. पण ती शांतता कोणाची तरी होती. आता ती कोणाचीच नव्हती. गाडी अंगणात पेरूखाली उभी, तिच्यावर पाखरांची घाण. मी कधीकधी दुपारी जाऊन तिच्यात बसायची. माझ्या जागेवर, डावीकडे. पायाशी ठोकळा.

धाकटे दीर शाळामास्तर होते, दोन गल्ल्या सोडून राहायचे. माणूस प्रेमळ, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लावून टाकायची त्यांना घाई. एक दिवस आले आणि म्हणाले, "वहिनी, गाडीला गिऱ्हाईक आणलंय. विकून टाका."

"मी चालवणार आहे," मी म्हटलं. म्हणेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं.

"एकट्या? आणि ठोकळा कोण लावणार?"

सगळं तिथेच अडत होतं. मला गाडी येत होती, लायसन होतं, पण ती गाडी एकट्या माणसाची नव्हतीच. दिरांनी रेल्वेचा पर्याय सुचवला. बहिणीकडेच जायचंय ना, बडनेऱ्याहून गाडीत बसलं की अकोला. त्यांना काय सांगू? मला अकोल्याला जायचं नव्हतं, मला त्या रस्त्यावरून जायचं होतं. ती गाडी विकली तर ज्या एका ठिकाणी मी ह्यांच्या उपयोगी पडले होते, ते ठिकाणच जाणार होतं. पण हे असलं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती.

तेव्हा मला अकोल्याच्या मिस्त्रीची आठवण झाली. जुन्या शहरात बहिणीच्या घराजवळच त्याचं गॅरेज होतं आणि हे आमची गाडी त्यालाच दाखवत. नव्या गाड्यांना सळया नसतात, तेलाचे ब्रेक असतात, पायाच्या बोटानं दाबलं तरी गाडी खिळते, असं तो एकदा माझ्या देखत म्हणाला होता. मी दिरांना सांगितलं, "पुढच्या चाकांना तेलाचे ब्रेक बसवून घेते. बसले तर गाडी ठेवीन. नाही बसले तर तुमचं गिऱ्हाईक घेऊन या. मात्र अकोल्यापर्यंत ठोकळा लावायला तुम्ही चला."

बिचारे आले. कार्तिकाचे दिवस होते, रस्ताभर कापसाच्या बंड्या. दीर सबंध वेळ दाराची कडी धरून बसले होते. मूर्तिजापूरचं फाटक बंदच होतं. मी चढावर गाडी थांबवत आणली आणि "हं" म्हटलं. दीर म्हणाले, "काय?"

"उतरा! ठोकळा!"

ते उतरले, ठोकळा घेऊन धावले आणि मोठ्या तत्परतेनं तो मागच्या चाकाच्या पुढच्या बाजूला लावला. गाडी चढाकडे तोंड करून उभी, सरकणार मागे, आणि दिरांनी ठोकळा लावला पुढून. गाडी निवांतपणे मागे निघाली ती मागच्या बंडीच्या जुवाला टेकून थांबली. बैल बुजले, कापसाचे गच्च भरलेले बोंदरे खाली आले आणि गाडीवान खाली उडी मारून दिरांवर तुटून पडला.

"काहो भाऊ, डोये फुटले का तुमचे? गाडी मांगं येऊन राह्यली अन् तुमी ठोकया पुढं लावून राह्यले!"

"अरे, पण मला काय ठाऊक..."

"मंग त्या बाईले लावू द्याचा असता ना! ते लावते दरसाल, आमी पाह्यतो ना तिले!"

मी स्टिअरिंगला धरून हसत होते. ह्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच हसले असेन. हसता हसता मला कळलं, की त्या फाटकाशी मला कोणीतरी ओळखत होतं. मग रडू आलं. दिरांना वाटलं, मी घाबरले. अकोल्याला मी बहिणीच्या दाराशी गाडी थांबवताच ते उतरले आणि रेल्वेनं अमरावतीला परत गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, परत येताना मी नाही." म्हणजे आता ब्रेक बसले तरच मी गाडी घेऊन घरी जाणार होते.

मिस्त्री म्हणजे भला मोठा पोटाचा, तेवढ्याच मोठ्या आवाजाचा माणूस. काम करताना त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. गाडी पाहून म्हणाला, "सामान हाय माह्यापाशी. बसवून देतो." मागे जाऊन त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड ओढत आणलं. पुढच्या चाकांचे दोन मोठे डबे, त्यांच्या आतले ब्रेक, तांब्याच्या नळ्या, तेलाचं भांडं. वर इतकी धूळ, की बोटानं नाव लिहावं. मागची चाकं सळयांवरच राहतील, पण पुढचे ब्रेक धरले की पुरे, असं त्याचं म्हणणं.

ठोकापिटी, कापाकापी, जोडाजोडी चालली. मी बहिणीकडे रोज सकाळी न्याहारी करून गॅरेजात जाऊन बसायची. बहीण म्हणायची, "बाई, तिथे बसून काय करतेस? लोक काय म्हणतील?" लोकांना म्हणायला दुसरे विषय होतेच. मला भीती होती ती वेगळी. एखादी नळी बसणार नाही, मिस्त्री मान हलवेल, आणि मला ती गाडी सोडून रेल्वेत बसावं लागेल. रात्री बहिणीच्या माजघरात पडले की तेच डोळ्यांपुढे यायचं.

एकदाचं सगळं बसलं. मग मिस्त्री म्हणाला, आता तेल भरून हवा काढायची. तेलाच्या नळीत हवा राहिली तर पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. आणि ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी तोटी सैल करायची. बुडबुडे बाहेर पडले की तोटी आवळायची. तोपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत. मिस्त्रीचा नेहमीचा जोडीदार कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलेला. मी म्हटलं, "मी बसते." मला बरं वाटलं. एकट्याची गाडी करायलासुद्धा दोन माणसं लागत होती.

मी ह्यांच्या जागेवर बसले. मिस्त्री चाकाखाली आडवा झाला. मला त्याचे नुसते पाय दिसत होते.

"दाबा." दाबलं.

"धरा." धरलं. पायाखाली पायडल हळूच खाली गेलं.

"सोडा." सोडलं.

असं चाललं. मधूनमधून त्याच्या गोष्टी. एकदा "धरा" म्हणाला, मी पाय रोवला, आणि खालून म्हणतो कसा, "बाईसायेब, हे सामान कवाचं पडून हाय, मालूम हाय तुमाले? वकीलसायबासाटीच काढून ठेवलं व्हतं म्या."

"कधी?"

"लई वर्सं झाले. बोरगावपाशी ट्रकनं मांगून चेपलेली एक गाडी आली व्हती. तुमच्याच कंपनीची, पन नवी. पुढचे ब्रेक साबूत. म्या सायबाले म्हटलं, लावून देतो. मंग बाईसायबाले काहून तरास? बिचाऱ्या फाटकाफाटकाले उतरतेत. मंग तुमी एकलेच बिनघोर येत जा."

माझा पाय पायडलवर. खाली तोटी उघडी. मला हलता येत नव्हतं.

"मग? काय म्हणाले?"

"हासले. वकीलसायेब हासले म्हंजे पाह्यण्यासारकं! म्हणे, 'मिस्त्री, मग मी एकटाच येईन ना. तेच तर नकोय.' म्या म्हटलं, ब्रेकाबिगर गाडी चालवनं बरं नाई सायेब. म्हणे, 'तिला काही सांगू नका. ब्रेक आहेत तसेच राहू द्या.' अन् दुसऱ्या कोनाच्या गाडीले हे सामान बसेच ना, मंग पडून राह्यलं. हां, सोडा."

मी सोडलं नाही.

"बाईसायेब, सोडा म्हटलं ना! तोटी आवयली म्या."

मला पाय उचलता येईना. समोर जुन्या शहराचा तो अरुंद रस्ता, एक सायकलवाला, एक बकरी, आणि मी गच्च पायडल दाबून बसलेली. मिस्त्री गाडीखालून निघून उठून आला, त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बाजूला जाऊन हात पुसत उभा राहिला.

मला आधी राग आला. खरं सांगते, दुःख नंतर. अरे भल्या माणसा, उन्हातान्हात, चिखलात, गुडघे दुखत असताना मला ठोकळा घेऊन पळवलंस, लोकांना हसू दिलंस, मी क्लीनर म्हणून मिरवले, आणि का? तर शेजारी बसावी म्हणून? एकदा तोंडानं म्हणाला असतास, "नुसतीच चल." मी आले असते.

संध्याकाळपर्यंत मी बहिणीच्या ओसरीवर बसून हेच घोळवत होते. मग ते कुरडयांचे गहू आठवले. ह्यांनी एकदा "चल" म्हटलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. हे वकील माणूस. ज्या प्रश्नाला नको ते उत्तर येईल, तो प्रश्न साक्षीदाराला पुन्हा विचारायचाच नाही, ही त्यांची कोर्टातली शिस्त. ठोकळा कोण लावेल, या प्रश्नाला माझ्याकडे नकार नव्हता. मी काहीही म्हटलं तरी गाडी मागे सरकणारच होती.

बहिणीला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मिस्त्रीनं काढलेल्या पुढच्या चाकांच्या जुन्या सळया दाखवून विचारलं, "ह्या भंगारात टाकू का?" मी हो म्हटलं. ठोकळा मात्र त्यानं बाहेर काढून ठेवला होता, तो मी उचलून डावीकडच्या सीटच्या पायाशी ठेवला. "आता कायले पाह्यजे?" तो म्हणाला. मी गाडीत बसून दार ओढलं.

ब्रेक उत्तम लागले होते. पाय टेकवावा आणि गाडीनं थबकावं. बंड्या आल्या, शेळ्या आल्या, मध्येच एक म्हातारा काठी उगारत आडवा आला. प्रत्येक वेळी गाडी मुकाट उभी राहिली. डावीकडची सीट रिकामी. इतकी वर्षं मी तिथे बसून शेताकडे बघत मनातल्या मनात धुसफुसत होते, आणि ह्या बाजूला बसलेला माणूस मजेत होता. हे मला आता कळत होतं, आणि सांगायला कोणी नव्हतं.

मूर्तिजापूरचं फाटक बंद होतं. मी चढावर गाडी आणली आणि पाय दाबला. गाडी उभी राहिली. मागे सरकली नाही. माझा डावा हात आपोआप दाराची कडी शोधायला गेला आणि रिकाम्या सीटवर पडला. ज्या एका गोष्टीनं मला ह्यांच्या शेजारी बसवलं होतं, ती मी स्वतः गॅरेजात बसून काढून टाकून आले होते. आता ह्या गाडीला कोणाचीच गरज नव्हती. पलीकडे सपाटीवर दार उघडून कोणी थांबलेलं नव्हतं.

"अहो," मी मोठ्यानं म्हटलं.

आगगाडी धडधडत गेली. फाटक उघडलं, पुढच्या बंड्या हलल्या, रूळ मोकळे झाले. मी पाय दाबून तशीच बसून राहिले. मागून गाडीवान ओरडला, "ओ बाई, चाला ना! फाटक कवाचं उघडलं!" मी वाट बघत होते. कोणीतरी "सोडा" म्हणेल असं वाटत होतं. मग मीच पाय उचलला.